राईतलं पाणी : आंबोली ते सत्तरी, तीन दिवस

देवराईचा विषय निघाला की बोलणं झाडांवर जातं. किती जुनं, किती उंच, बुंध्याला किती जणांची कवळी लागते. या फेरीतल्या तिन्ही जागा मात्र आधी पाण्याच्या आणि मग झाडांच्या. आंबोलीचा हिरण्यकेशीचा उगम, दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची कान्हळाची राई आणि गोव्यात सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राई. डिसेंबरचा दुसरा आठवडा मुद्दाम धरला होता. जळवा संपलेल्या असतात, चिखल घोट्याच्या वर येत नाही, आणि याच दिवसांत गावोगाव ओढ्यांवर दगडमातीचे बंधारे घालून पाटाचं पाणी वायंगणाकडे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताकडे, नाहीतर बागेकडे वळवतात. पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं ते बघायचं तर हेच दिवस.

पहिला दिवस : आंबोली, हिरण्यकेशी

कोल्हापूर-सावंतवाडी एसटी आंबोलीला उतरवते. सकाळी धुकं इतकं होतं की स्टँडसमोरच्या हॉटेलातली चूल आधी वासाने कळली, मग दिसली. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. पावसाळ्यात इथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेव्हाची गर्दी डिसेंबरात नसते. उगमापर्यंत साधारण पाच किलोमीटर. रिक्षा मिळते, पण चालत जावं. वाटेत शेकरू दिसायची शक्यता रिक्षाच्या आवाजात शून्य.

डोंगराच्या कुशीत महादेवाचं देऊळ, मागे गुहा. गुहेतून आलेलं पाणी कुंडात उतरतं आणि तिथून पुढे नदी म्हणून वाहू लागतं. पश्चिमेचा समुद्र डोळ्यांच्या टप्प्यात असताना हे पाणी पाठ फिरवून पूर्वेला निघतं. आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला, तिथून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला.

या कुंडात आणि लगतच्या प्रवाहात बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा राहतो. शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. 2020 मध्ये प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी तो नवी प्रजाती म्हणून जगापुढे मांडला. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्याचं फार अप्रूप नव्हतं. ‘मासो आमी ल्हानपणापासून बघतव, नाव तेवडा आता पडला.’

तो दिसायला बसावं लागतं. कडेला उभं राहून वाकून बघितलं की आपली सावली पाण्यावर पडते आणि सगळं दगडांखाली जातं. सूर्याकडे तोंड करून, पाण्यापासून हातभर मागे, दहा मिनिटं न हलता बसायचं. मग तळाच्या खड्यांमधला एक खडा सरकल्यासारखा वाटतो. अंगावर सोनेरी झाक, त्यावर गडद आडवे पट्टे, तोंडाशी आखूड मिशा. तो पोहत फारसा नाही. एका दगडावरून दुसऱ्या दगडाकडे झेप घेतो आणि पुन्हा पोट टेकवतो. पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर काम सोपं होतं. टॉर्च मारू नये, त्याने उलट तो लपतो.

आता मुद्द्याचं. रायगडात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले महसीर देवाचे मानतात, पकडत नाहीत, लोक कुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे वर येतात. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वरालाही तसंच. महसीर हा खायचा मासा. जाळं, सुरुंग, विष हे त्याचे शत्रू, आणि ‘धरायचा नाही’ एवढ्या एका नियमाने ते तिन्ही थांबतात. हिरण्यकेशीचा मासा कोण खायला धरणार? त्याला धोका जाळ्याचा नाहीच. त्याला धोका साबणाचा, कुंडाच्या तळाला सिमेंट घालण्याचा, नैवेद्याच्या कुजणाऱ्या भाताचा, आणि डासांसाठी चांगल्या मनाने सोडलेल्या गप्पी माशांचा. गप्पी पिल्लं खातो, कुठल्याही पाण्यात वाढतो, आणि एकदा कुंडात शिरला की कुंड उपसल्याशिवाय निघत नाही. कुंड उपसलं तर जो वाचवायचा तोच मेला. जुन्या नियमात यातलं काहीच बसत नाही, कारण नियम ठरला तेव्हा साबणही नव्हता आणि गप्पीही.

एप्रिल 2021 मध्ये इथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. जैविक विविधता कायदा 2002, कलम 37. राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून अशी जागा अधिसूचित करतं. पूजाअर्चा बंद होत नाही, आणि जाहीर करण्यामुळे कुणाचं आर्थिक नुकसान झालं तर भरपाईची योजना करायची तरतूद त्याच कलमात आहे. गावात या दोन गोष्टी कळल्या की निम्मा विरोध मावळतो.

जाणाऱ्यांनी एवढं करावं : कुंडात पाय घालायचे नाहीत, अंगाला मलम किंवा डासांचं औषध लावलं असेल तर हातही नाही. नाणी नाहीत. कुरमुरे तर मुळीच नाहीत. हा मासा तळातले बारीक जीव खाऊन जगतो, कुरमुरे कुजून पाण्यातला प्राणवायू ओढतात एवढंच. दुसऱ्या तळ्यातून आणलेली बाटली किंवा बादली कुंडात रिकामी करू नये.

परतताना कातळाचे सडे, म्हणजे उघडी सपाट पठारं, लागतात. डिसेंबरात ते कोरडे, पिवळे, काहीच नसल्यासारखे. जूनच्या पहिल्या पावसात याच कातळातल्या वितभर खळग्यांमध्ये आंबोलीचा पट्टेरी भेक, बेडकाचाच भाऊबंद, अंडी घालतो. झँथोफ्रीन टायग्रिना, 2009 मध्ये वर्णिलेला, या परिसराबाहेर जवळजवळ नाहीच. त्याला देवाचं संरक्षण नाही. सडा देवाचा नसतो, त्यामुळे त्यावर गाडी चढवताना कुणाला काही वाटत नाही. हे मनात ठेवून घाट उतरावा. सावंतवाडी तीसेक किलोमीटर. मुक्काम तिथे.

दुसरा दिवस : सातेरी, बांबर्डे

आधी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याची वाचेल. फोनच्या नकाशावर नुसतं ‘बांबर्डे’ टाकू नये. कुडाळ तालुक्यातही बांबर्डे नावाची गावं आहेत, आणि नकाशा निमूटपणे तिकडे नेतो. तासभर गेला. ‘हेवाळे-बांबर्डे, दोडामार्ग’ असं पूर्ण टाकावं. आणि उद्याचं गोव्यातलं ‘बांबर’ हे तिसरंच.

वाटेत सातेरी देवीच्या एका देवळात थांबणं झालं. गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी म्हणजे वारूळच. माणसापेक्षा उंच, साडी नेसवलेलं, वर मुखवटा. जिवंत वारूळ ओळखायचं तर पायथ्याशी बघावं. ताज्या मातीचे ओलसर गडद ठिपके असतील तर आत वाळवी आहे. मेलेलं वारूळ एकसारखं फिकट, कडेला धूळ सुटलेली. गाभाऱ्याला फरशी घातली की वाळवीचा मातीशी आणि ओलाव्याशी संबंध तुटतो. मग देवीला रंग द्यावा लागतो. जीर्णोद्धाराची पावतीपुस्तकं फिरतात तेव्हा ‘वारुळाच्या भोवती दोन हात जमीन मातीचीच ठेवा’ एवढं गवंड्याला सांगणारं कुणी लागतं. या देवळात ती ठेवली होती, आणि ठिपके होते.

बांबर्ड्याकडे जाताना दोन्ही बाजूंना काजू, रबर, केळी, अननस. त्यामधून ओढ्याच्या कडेने गडद हिरवा तुकडा वर येतो तीच कान्हळाची राई. गावातला कुणी बरोबर असल्याशिवाय आत शिरू नये. एक तर ती देवाची जागा आहे, विचारावं लागतं. दुसरं, 2002 पासून या तालुक्यात कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत. काल ते कुठे होते ते फक्त गावालाच ठाऊक असतं. सकाळी नऊनंतर जावं आणि चारच्या आत बाहेर पडावं.

बरोबर आलेल्या गावकऱ्यांनी काठावर वहाणा काढल्या, हात जोडले, गाऱ्हाणं घातलं. अमुक गावचे लोक राई बघायला आलेत, काही चुकलं-माकलं तर पदरात घे. राखणदाराला सांगून मग आत. पायाखालची जमीन दोन पावलांत बदलते. बाहेर जांभ्याची लाल माती, आत काळा, थंड, मऊ चिखल. त्या चिखलातून गुडघे वर आलेले.

गुडघेच म्हणायचे. मुळं चिखलातून वर येतात, वळतात आणि पुन्हा आत जातात. काही झाडांच्या बुंध्यातून कमरेएवढ्या उंचीवरून तिरकी मुळं निघून तंबूच्या दोऱ्यांसारखी चारी बाजूंना रोवलेली. ही रानजायफळाच्या कुळातली झाडं, मुख्यतः मिरिस्टिका मॅग्निफिका. बारा महिने पाणी मुरलेल्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून मूळ श्वासाला वर येतं. गुडघ्याच्या सालीवर जवळून बघितलं तर खसखशीएवढे खरखरीत फोड दिसतात. हवा आत जाते ती त्यांतून. म्हणून त्यावर पाय देऊन चालायचं नाही. साल सोलवटली की तिथून कुज शिरते, आणि बघायला आलेले लोक नेमका तोच पायरीचा दगड समजतात. चालायचं ते ओढ्याच्या वाळूवरून.

एका बुंध्यावर जुनी जखम होती. फांदी मोडलेल्या जागेवरून गडद लाल ओघळ वाळून खाली आलेला, हुबेहूब रक्त. या कुळातल्या झाडांचा चीक असाच असतो. ज्या झाडाला कोयता लावला की रक्त येतं त्याला देवाचं ठरवायला वेगळी कथा लागत नाही. खात्री करायला स्वतः सालीवर नख मारू नये, जुना ओघळ शोधला तर सापडतो.

मिरिस्टिकांचं हे दलदलीचं जंगल म्हणजे अगदी तुटक तुटक उरलेली गोष्ट. केरळात कोल्लमकडे, उत्तर कन्नडात, गोव्यात आणि इथे. महाराष्ट्रातली पहिली नोंद याच राईची. 2021 मध्ये हीसुद्धा वारसा स्थळ झाली, 2.59 हेक्टर. साडेसहा एकरांच्या आत. त्यात या झाडांच्या नर-मादी वेगळ्या. म्हणजे बुंधे मोजून भागत नाही, फळणारे बुंधे मोजावे लागतात. बी जायफळाएवढं, वर जायपत्रीसारखी लालभडक पत्री, ती बघून धनेश येतो, गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. धनेश आला नाही तर बी झाडाखालीच किंवा ओढ्याच्या धारेत. शिवाय हे बी साठवता येत नाही. वाळलं की मेलं. रोपं करायची असतील तर पडलेलं ताजं बी, पत्री सोलून, त्याच दिवशी ओल्या वाळूत किंवा पालापाचोळ्याच्या खतात अर्धं पुरायचं, सावलीत, आणि एक दिवसही कोरडं पडू द्यायचं नाही. पाकिटात घालून पुण्याला नेलेल्या बियांचं काही होत नाही. इथून बी उचलूच नये, पण ज्यांना गावाने रोपवाटिकेसाठी परवानगी दिली आहे त्यांच्या हातूनही चूक होते ती इथेच.

राईतला नियम कडक आहे. ‘झाड पडला तरी काढूचा नाय. कौल घेवचो लागता.’ गुरव देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ लावतो, मानकरी प्रश्न घालतो, आणि उजवी बाजू पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळाला वासा हवा असला तरी हेच. पडलेला ओंडका जाग्यावर कुजतो, त्यात बुरशी, बेडूक, गोमा, आणि ओढ्याला त्याचाच नैसर्गिक बांध होतो. वनखात्याच्या ‘स्वच्छ’ जंगलापेक्षा देवराईचा चिखल श्रीमंत असतो तो या न उचललेल्या लाकडामुळे.

पण कौल झाडाचा लागतो, पाण्याचा नाही. राईच्या वरच्या अंगाला ओढा ज्याच्या जमिनीतून येतो त्याने पंप बसवला तर त्याने राईतली एक काडीही मोडलेली नसते. वरचा उतार रबरासाठी जेसीबीने सोलला तर पहिल्या पावसात माती राईत येऊन बसते, गुडघे गाडले जातात, श्वास बंद. पाणी पूर्ण आटलं तर मोठी झाडं काही वर्षं तशीच उभी दिसतात. रोपं मात्र उगवत नाहीत, आणि त्यांच्या जागी कोरड्या जमिनीतली चपळ झाडं येतात. बाहेरून राई हिरवीच. म्हणून दलदलीची तब्येत बघायची तर मान वर करू नये. चिखलात दोन पानांची, चार पानांची रोपं आहेत का ते बघावं. इथे ती होती. मोजायला सुरुवात केली आणि विसावर सोडून दिली.

मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. वारसा स्थळाची साडेसहा एकरांची रेघ पाण्याला कळत नाही, अशी मोठी रेघच कामाची. गावात मात्र यावर एकमत नाही. ज्याची काजूची बाग त्या रेघेत येते त्याचा राग समजण्यासारखा आहे.

जेवण गावातच, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या. रात्री जवळच्या एका गावची जत्रा होती. मार्गशीर्षात सिंधुदुर्गात रोज कुठे ना कुठे असतेच. खाजं घेतलं, देवळासमोर दशावतार उभा राहिला, बारानंतर रंगला. पेटी, मृदंग आणि झांजेवर चालणारा खेळ. त्याच्या आधीचे दोन तास मात्र भिंतीएवढे स्पीकर देवरहाटीच्या, म्हणजे तिथल्या देवराईच्या, कडेला तोंड करून लावले होते. वरच्या फांद्यांवर वटवाघळांची वस्ती होती. ती उठून गेली, सकाळपर्यंत परत आली नव्हती.

तिसरा दिवस : बांबर, सत्तरी

दोडामार्गहून डिचोली, डिचोलीहून वाळपई. स्वतःची गाडी नसेल तर बस बदलत जावं लागतं, निम्मी सकाळ धरून चाला. वाळपईत पाव आणि पातळ भाजी खाऊन घ्यावी, पुढे राईच्या आसपास काही मिळत नाही. वेळ असेल तर सात-आठ किलोमीटरवर ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ वाटेत करता येतं.

निघण्याआधी एक काम : कालच्या बुटांचे तळवे घासून धुवायचे. एका दलदलीतला चिखल दुसऱ्या दलदलीत नेऊ नये. त्यात रानमोडी या तणाचं बी असतं, बुरशी असते, आणि काय काय असतं ते डोळ्यांना दिसत नाही. जुना टूथब्रश आणि बादलीभर पाणी, पाच मिनिटं.

निरंकार म्हणजे निराकार. देवाला रूप नाही, म्हणून मूर्ती नाही. राईत शिरल्यावर देऊळ शोधत राहू नये, ज्यात उभे आहोत तेच देऊळ. 1995 मध्ये लाकूडशास्त्राच्या अभ्यासकांनी या राईचं वर्णन प्रसिद्ध केलं ते इथल्या विचित्र हवाई मुळांसाठी. बांबर्ड्यापेक्षा इथे ओढा उथळ आणि पसरट, त्यामुळे गुडघे दाटीवाटीने, जागोजागी पाऊल टाकायला वाव नाही. इथे दोन जाती जवळजवळ उभ्या असलेल्या बघता येतात. मिरिस्टिकाची मुळं बुंध्यातून कमानीसारखी उतरणारी, आणि त्याच कुळातल्या जिम्नॅक्रँथेराची चिखलातून वर येऊन वळणारी, उलट्या यू आकाराची. एकदा फरक डोळ्यांत बसला की वर पानं न बघताही झाड ओळखता येतं.

आवाज एकच, पाण्याचा. प्रकाश इतका कमी की भर दुपारी फोटोला स्टँड लागतो. फ्लॅश मारला तर चिखल पांढरा येतो आणि मुळं सपाट दिसतात. पाण्यात कोळी चालत होते. एका गुडघ्याच्या बेचक्यात बोटभर पाणी साचलं होतं आणि त्या एवढ्याशा पाण्यात डासाच्या अळ्या नव्हत्या, एक बेडकी होती.

वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एवढे लहान तुकडे टिकले कसे? बांबरला त्याचं निम्मं उत्तर दिसतं. दलदलीची जागा ही शेतीच्या दृष्टीने पहिल्या प्रतीची जागा. बारमाही पाणी, काळी माती, सपाटी. भात किंवा पोफळ लावायला याहून चांगलं काय हवं? सह्याद्रीतल्या बहुतेक मिरिस्टिका दलदलींची भातखाचरं आणि बागायती झाली ती याच कारणाने. उरली ती जिथे कुणीतरी देव बसला होता.

ओढ्याच्या कडेने खाली चालत गेलं की राई एकदम संपते. शेवटच्या गुडघ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर कुळागर सुरू होतं. पोफळीच्या रांगा, मिरवेली, मधेच केळी. तोच ओढा, तोच काळा चिखल. मालक पंच्यावर, हातात फावडं, पाटाची माती ओढत होता. एका सरीचं तोंड बंद केलं, दुसरीचं उघडलं. पाणी वळलं. एवढं पाणी मेपर्यंत पुरतं का, असं विचारल्यावर त्याने फावड्याच्या दांड्याने वर राईकडे दाखवलं आणि परत कामाला लागला.